संगणकाची घंटा : कमांड लाइनवरील स्क्रिप्टमधून ध्वनिसंकेत देण्याच्या पद्धती

सारांश :

दीर्घकाळ चालणारे काम संगणकावर सोपवून मनुष्य दुसऱ्या कामाकडे वळतो, तेव्हा ते काम पूर्ण झाले की अडले हे त्याला आवाजाद्वारे कळविता येते. प्रस्तुत लेखात कमांड लाइनवरील स्क्रिप्टमधून असा ध्वनिसंकेत देण्याच्या पद्धतींचे विवेचन केले आहे. घंटेच्या संकेताचा इतिहास, आवाज निर्माण होण्याचे तीन मार्ग, कामाच्या यशापयशाशी आवाजाची घालावयाची सांगड, आवाज नेमका कोठे वाजतो हा प्रश्न आणि ऐकणाऱ्या व्यक्तीचा विचार या क्रमाने मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिसंकेत, कमांड लाइन, स्क्रिप्ट, आस्की, टर्मिनल, परिणामांक

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकास परीक्षागृहातील घंटा परिचित असते. उत्तरपत्रिका वाटण्याची, प्रश्नपत्रिका देण्याची, दर अर्ध्या तासाची आणि वेळ संपत आल्याची अशा घंटा ठरलेल्या असतात. विद्यार्थी मान वर न करता लिहीत राहतो. घंटा त्याच्या डोळ्यांना अडथळा न आणता कानांना माहिती देते. ध्वनिसंकेताचे हे मुख्य वैशिष्ट्य होय. दृष्टी एका ठिकाणी गुंतलेली असताना श्रवण मात्र चारही दिशांना मोकळे असते.

संगणकावरील कामांनाही हे तत्त्व लागू पडते. शेकडो फाइलींची प्रत काढणे, ग्रंथालयाच्या नोंदींची छाननी करणे, संख्याशास्त्रीय आकडेमोड करणे ही कामे काही मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत चालतात. अशी कामे पुष्कळदा स्क्रिप्टद्वारे केली जातात. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली साधी मजकूर-फाइल. तिच्या शेवटी एक आवाज जोडला की पडद्यासमोर बसून राहण्याची गरज उरत नाही.

परंतु आवाज जोडणे आणि आवाजावर विश्वास ठेवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या विभागासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. सत्राअखेरीस अंतर्गत गुणांच्या व विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांच्या फाइलींची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर काढावयाची आणि शेवटी घंटा वाजवावयाची, एवढेच तिचे काम. घंटा वाजली, डिस्क कपाटात गेली. तीन आठवड्यांनी मूळ संगणकाची डिस्क निकामी झाली, तेव्हा प्रत अर्धवट असल्याचे ध्यानात आले. बाहेरील डिस्कवरील जागा मध्येच संपली होती. त्याची सूचना पडद्यावर उमटून वर सरकून गेली होती आणि घंटा मात्र नेमाने वाजली होती. गुण कागदी नोंदवहीवरून पुन्हा भरता आले. काही अहवाल परत मिळाले नाहीत. दोष यंत्राचा नव्हता, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा होता. हा विषय किरकोळ भासला तरी त्याचा पद्धतशीर विचार का करावा, याचे कारण या प्रसंगात आहे.

उद्दिष्टे :

१. संगणकातील घंटेच्या संकेताची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. स्क्रिप्टमधून आवाज काढण्याच्या प्रमुख पद्धतींचा व त्यांच्या मर्यादांचा परिचय करून देणे.
३. आवाज हा कामाच्या परिणामाशी प्रामाणिक राहावा यासाठी घ्यावयाची दक्षता सांगणे.

लेखनसंकेत : पुढील विवेचनात आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकलेखन करताना ती, अन्यथा सांगितले नसल्यास, लहान रोमन अक्षरांत व रोमन अंकांत टंकावीत. विरामचिन्हे व विशेष चिन्हे मात्र दाखविल्याप्रमाणेच ठेवावीत.

१. घंटेच्या संकेताचा इतिहास :

संगणकाच्या घंटेचे मूळ संगणकापूर्वीच्या यंत्रांत आहे. टंकलेखन यंत्राची ओळ उजव्या समासाजवळ आली की बारीकशी घंटा वाजत असे. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. आपल्या कचेऱ्यांत हा नाद रुळला होता. ही घंटा यांत्रिक होती व ती त्याच यंत्रावर बसलेल्या व्यक्तीसाठी होती.

दूरमुद्रक म्हणजे टेलिप्रिंटर आल्यानंतर घंटेला नवे रूप मिळाले. पाच बिटांच्या तारसंकेतांमध्ये अंकांच्या व चिन्हांच्या संचात घंटेसाठी एक स्थान राखलेले होते. पाठविणाऱ्याने तो संकेत पाठविला की कित्येक मैलांवरील यंत्राची घंटा वाजे. वृत्तसंस्था तातडीच्या बातमीपूर्वी घंटा वाजवीत आणि घंटांच्या संख्येवरून बातमीचे महत्त्व कळत असे. म्हणजेच अक्षरांच्या रांगेतून प्रवास करणारी, परंतु कागदावर न उमटणारी घंटा ही कल्पना येथे आकारास आली.

१९६३ साली अमेरिकेत आस्की ही सात बिटांची संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यातील १२८ स्थानांपैकी ३३ स्थाने नियंत्रक संकेतांसाठी आहेत. हे संकेत अक्षर दाखवीत नाहीत, तर यंत्राला कृती करावयास सांगतात. त्यांत क्रमांक ७ घंटेला मिळाला. त्याच वर्षी आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रात हा संकेत मिळताच खरीखुरी धातूची घंटा वाजत असे. कळफलकावर कंट्रोल ही कळ दाबून जी हे अक्षर दाबले असता हाच संकेत निर्माण होतो. त्यामागे सरळ गणित आहे : आस्कीमध्ये मोठ्या लिपीतील जी या अक्षराचा क्रमांक ७१ आहे, कंट्रोल कळ त्यातून ६४ वजा करते आणि ७ उरतात. जी हे रोमन वर्णमालेतील सातवे अक्षर आहे, हे लक्षात ठेवण्यास सोयीचे आहे.

युनिक्स ही प्रणाली १९६९ च्या सुमारास आकारास आली, ती अशाच दूरमुद्रकांवर काम करीत. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइप या नावाचेच संक्षिप्त रूप होय. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली. १९७८ च्या व्हीटी १०० या टर्मिनलमध्ये धातूच्या घंटेऐवजी कळफलकातील छोटा ध्वनिक्षेपक वाजे. घंटा गेली, संकेत राहिला. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत या संकेतासाठी '\ए' हे चिन्ह निश्चित झाले. येथील ए हे अक्षर 'अलर्ट' म्हणजे इशारा या शब्दाचे आहे.

एक गमतीचा तपशील नोंदविण्यासारखा आहे. २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत घंटेचे चित्र समाविष्ट झाले व त्या चित्रचिन्हाला 'बेल' हे अधिकृत नाव मिळाले. पर्ल या भाषेत मात्र हे नाव आधीपासून क्रमांक ७ साठी वापरले जात होते. त्यामुळे त्या भाषेच्या रचनाकारांना नावाचा अर्थ बदलावा लागला. वाजणारी घंटा आणि दिसणारी घंटा यांच्यातील हा संघर्ष होय.

२. पहिला मार्ग : संकेत क्रमांक ७ पाठविणे :

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे टर्मिनलकडे हा संकेत पाठविणे. लिनक्स व मॅक या दोन्ही प्रणालींवर पुढील आज्ञा पुरेशी आहे :

प्रिंटएफ '\ए'

पुष्कळ ठिकाणी यासाठी 'एको' ही आज्ञा सांगितली जाते. परंतु ती सर्वत्र सारखी वागत नाही. बॅश या शेलमध्ये 'एको' सोबत '-ई' हा पर्याय न दिल्यास उलटी तिरपी रेघ आणि अक्षर जसेच्या तसे पडद्यावर उमटते. याउलट उबुंटूमध्ये २००६ पासून मूळ शेल म्हणून वापरात असलेल्या डॅशमध्ये तो पर्याय दिल्यास '-ई' ही अक्षरेच छापली जातात. एकच स्क्रिप्ट एका संगणकावर वाजते व दुसऱ्यावर मुकी राहते, याचे हे एक कारण आहे. 'प्रिंटएफ' चे वर्तन पॉसिक्स या प्रमाणकाने निश्चित केलेले असल्याने तीच आज्ञा वापरणे श्रेयस्कर. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये उलट्या तिरप्या रेघेऐवजी उलटे अवतरणचिन्ह येते व ते दुहेरी अवतरणांत लिहावे लागते : "`ए".

तीन वेळा घंटा हवी असल्यास तीन संकेत लागोपाठ पाठवून भागत नाही. ते एकमेकांत मिसळून एकच आवाज ऐकू येण्याचा संभव असतो. मध्ये विराम हवा :

फॉर आय इन १ २ ३; डू प्रिंटएफ '\ए'; स्लीप १; डन

या पद्धतीची मर्यादा अशी की संकेत मिळाल्यावर काय करावयाचे हे टर्मिनल ठरवितो. काही टर्मिनल आवाज काढतात, काही पडदा क्षणभर उजळवितात, काही खिडकीच्या नावाशेजारी खूण करतात आणि काही काहीच करीत नाहीत. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये घंटा बंद केलेली असू शकते. तसेच, खिडकीचे शीर्षक बदलण्याच्या विशिष्ट संकेतमालिकेच्या शेवटी हाच क्रमांक ७ समाप्तिचिन्ह म्हणून येतो. तेथे घंटा वाजत नाही. म्हणून स्क्रिप्ट कामास लावण्यापूर्वी ही एकच आज्ञा स्वतंत्रपणे देऊन आवाज येतो का हे पाहावे.

३. दुसरा मार्ग : संगणकातील मूळ ध्वनिक्षेपक :

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये एक छोटा ध्वनिक्षेपक बसविलेला होता. त्याला आवाजाचे चढउतार दाखविणारा विद्युतप्रवाह मिळत नसे. केवळ चालू व बंद एवढ्या दोनच अवस्था मिळत. संगणकातील ८२५३ या कालमापक चिपला सेकंदाला ११,९३,१८२ स्पंदने मिळतात. त्या संख्येला आपण दिलेल्या भाजकाने भागून जी वारंवारता येते, त्या गतीने ध्वनिक्षेपक चालू-बंद होतो. १,००० हर्ट्झचा स्वर हवा असल्यास भाजक १,१९३ घ्यावा लागतो, तर ४४० हर्ट्झसाठी २,७१२. भाजक सोळा बिटांचा असल्याने सुमारे १८ हर्ट्झच्या खाली जाता येत नाही. संगणक सुरू होताना स्मरणपत्रिकेत दोष असल्यास ऐकू येणारे 'बीप' याच यंत्रणेतून येत असत.

लिनक्सवर या यंत्रणेसाठी 'बीप' नावाची स्वतंत्र आज्ञा आहे. तिला स्वराची वारंवारता, मिलिसेकंदांतील लांबी व पुनरावृत्तींची संख्या सांगता येते :

बीप -एफ ८८० -एल २०० -आर ३

परंतु पुष्कळ लिनक्स वितरणांमध्ये मूळ ध्वनिक्षेपकाचा कर्नेलमधील भाग आपोआप सुरू होत नाही, आणि अनेक लॅपटॉपमध्ये असा स्वतंत्र ध्वनिक्षेपक नसतोच. शिवाय या यंत्रणेपर्यंत पोहोचण्यासाठी विशेषाधिकार लागतात. २०१८ साली याच 'बीप' आज्ञेत एक गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. ती विशेषाधिकारासह बसविलेली असल्यास सामान्य वापरकर्त्याला तिच्याद्वारे संपूर्ण संगणकाचा ताबा मिळविता येणे शक्य होते. केवळ आवाज काढणाऱ्या आज्ञेस सर्वाधिकार देणे किती धोक्याचे असते, हे यातून दिसून आले. विंडोजमध्ये २००९ च्या विंडोज ७ पासून बीपचा आवाज मूळ ध्वनिक्षेपकाऐवजी साउंड कार्डमधून काढला जातो. पॉवरशेलमध्ये पुढील ओळ त्यासाठी पुरेशी आहे. पहिली संख्या वारंवारतेची व दुसरी मिलिसेकंदांची आहे :

[कन्सोल]::बीप(८००, ४००)

येथे वारंवारता ३७ ते ३२,७६७ या मर्यादेत असावी लागते.

४. तिसरा मार्ग : ध्वनिफाइल वाजविणे व वाक्य बोलविणे :

आजच्या संगणकांवर अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे साउंड कार्डमधून तयार ध्वनिफाइल वाजविणे. लिनक्सवर अल्सा या ध्वनिप्रणालीची 'एप्ले' आणि पल्सऑडिओची 'पीएप्ले' या आज्ञा उपलब्ध असतात. मॅकवर 'एएफप्ले' ही आज्ञा असते आणि प्रणालीच्या साउंड्स या फोल्डरमध्ये ग्लास, पिंग इत्यादी नावांचे तयार आवाज मिळतात. विंडोजवर पॉवरशेलमधील 'साउंडप्लेअर' या घटकाद्वारे वेव्ह प्रकारची फाइल वाजविता येते. तेथे 'प्ले' ऐवजी 'प्लेसिंक' वापरावे. अन्यथा आवाज पूर्ण होण्यापूर्वीच स्क्रिप्ट संपते व आवाज तुटतो. फाइल नको असल्यास १९९१ पासून प्रचारात असलेल्या सॉक्स या साधनाने हव्या त्या वारंवारतेचा स्वर जागीच तयार करता येतो.

याच मार्गाने संगणकास बोलविताही येते. मॅकवरील 'से' ही आज्ञा दिलेले वाक्य उच्चारते. लिनक्सवरील ईस्पीक-एनजी हे मुक्त सॉफ्टवेअर मराठीसह अनेक भाषांत बोलते :

ईस्पीक-एनजी -व्ही एमआर -एस १४० "प्रत काढण्याचे काम पूर्ण झाले"

येथे 'एमआर' हा मराठीचा भाषासंकेत असून १४० ही मिनिटाला शब्दांची गती आहे. गती न सांगितल्यास ती १७५ असते. मनुष्याच्या ध्वनिमुद्रणाऐवजी स्वरांची रचना गणिताने केलेली असल्याने हा आवाज यांत्रिक वाटतो. परंतु 'गुणपत्रक अपूर्ण, डिस्क भरली' हे वाक्य मराठीतून ऐकू आले तर कोणत्याही 'बीप'पेक्षा अधिक बोध होतो. संगणकाविषयी संकोच बाळगणाऱ्या कार्यालयीन सहकाऱ्यांसाठी ही सोय विशेष उपयुक्त आहे.

५. आवाज व यशापयश यांची सांगड :

प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. त्यास एक्झिट स्टेटस म्हणतात. आपण त्यास परिणामांक म्हणू. तो ० असल्यास काम यशस्वी, अन्य कोणताही अंक असल्यास अयशस्वी. शेलमध्ये हा अंक '$?' या चिन्हाने वाचता येतो.

प्रस्तावनेतील स्क्रिप्टमध्ये प्रत काढण्याची आज्ञा एका ओळीवर व घंटेची आज्ञा पुढच्या ओळीवर होती. शेल एक ओळ फसली तरी सामान्यतः पुढच्या ओळीकडे जातो. म्हणून ती घंटा 'काम झाले' असे सांगत नव्हती, 'काम थांबले' एवढेच सांगत होती. ऐकणाऱ्याने तिचा अर्थ यश असा घेतला. दोन आज्ञा अर्धविरामाने जोडल्या तरी हाच दोष राहतो.

'&&' हे चिन्ह वापरल्यास पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी चालते. यामुळे खोटी घंटा टळते. परंतु अपयशी काम नि:शब्द राहते आणि शांततेचे अनेक अर्थ संभवतात. काम अद्याप चालू असेल, फसले असेल किंवा ध्वनिक्षेपकच बंद असेल. '||' हे चिन्ह वापरल्यास केवळ अपयशाची घंटा वाजते व तोच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. तात्पर्य, यश व अपयश या दोहोंना स्वतंत्र आणि सहज वेगळे ओळखू येणारे आवाज हवेत. त्यासाठी पुढील रचना निर्दोष ठरते :

इफ सीपी -आर गुण /मीडिया/बाह्य
देन
यशाचा आवाज
एल्स
अपयशाचा आवाज
फाय

पुष्कळांना ही रचना एका ओळीत '&&' व '||' एकत्र जोडून लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. तसे केल्यास प्रत यशस्वी होऊनही यशाचा आवाज काढणारी आज्ञाच फसली, उदाहरणार्थ साउंड कार्ड न सापडल्याने, तर शेल पुढील अपयशाची आज्ञा चालवितो.

आणखी तीन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, '$?' मधील अंक पुढील कोणत्याही आज्ञेने बदलतो. मध्ये साधी 'प्रिंटएफ' आली तरी जुना अंक नष्ट होतो. म्हणून तो लगेच एखाद्या चलात साठवावा. दुसरी, '|' या चिन्हाने आज्ञांची साखळी केली असता केवळ शेवटच्या आज्ञेचा परिणामांक मिळतो. फाइली गोळा करणारी पहिली आज्ञा फसली आणि त्या दाबून लहान करणारी दुसरी यशस्वी झाली तर सर्व ठीक असल्याचा भास होतो. बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' या ओळीने हा दोष दूर होतो. तिसरी, स्क्रिप्ट मध्येच कोठेही संपली तरी आवाज यावा यासाठी 'ट्रॅप' ही आज्ञा आहे. तिच्या शेवटी मोठ्या रोमन अक्षरांत 'एक्झिट' लिहिले की स्क्रिप्ट संपताना ठरविलेली कृती होते. वीज गेली किंवा प्रक्रिया सक्तीने मारली गेली, तर मात्र 'ट्रॅप'ही चालत नाही. आवाज न येणे याचा अर्थ सर्व कुशल असा कधीही घेऊ नये.

६. आवाज कोठे वाजतो :

वरील तीन मार्गांतील महत्त्वाचा भेद दूरस्थ संगणकावर काम करताना कळतो. घरून महाविद्यालयाच्या सर्व्हरवर एसएसएचद्वारे प्रवेश केला आहे, असे समजू. तेथे 'प्रिंटएफ' ने पाठविलेला क्रमांक ७ हा अक्षरांच्या प्रवाहाबरोबर आपल्या घरच्या टर्मिनलकडे येतो व घंटा घरी वाजते. याउलट 'एप्ले' ही आज्ञा सर्व्हरच्या साउंड कार्डकडे जाते. ध्वनिक्षेपक असल्यास रात्री रिकाम्या सर्व्हर-खोलीत आवाज घुमतो, नसल्यास आज्ञा फसते. टेलिप्रिंटरच्या काळातील जुना संकेत येथे आधुनिक पद्धतीहून सरस ठरतो, याचे कारण तो मुळातच दूरवर जाण्यासाठी घडविलेला आहे. टीमक्स वापरत असल्यास दुसऱ्या खिडकीत वाजलेल्या घंटेची नोंद त्या खिडकीच्या नावाशेजारी '!' या चिन्हाने राहते.

स्क्रिप्टचा मजकूर पडद्याऐवजी फाइलीत वळविला असल्यास घंटेचा संकेतही त्या फाइलीतच जाऊन बसतो. अशा वेळी तो '/डेव्ह/टीटीवाय' या स्थानी स्वतंत्रपणे पाठवावा. ठरावीक वेळी आपोआप काम करणाऱ्या क्रॉनमध्ये मात्र टर्मिनलच नसते. तेथे ही युक्तीही चालत नाही. ध्वनिप्रणालीशी जोडणीही सहसा प्रवेश केलेल्या वापरकर्त्याच्या सत्राशी बांधलेली असते. म्हणून रात्रीच्या क्रॉन-कामाने आपला परिणाम एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावा आणि सकाळी वापरकर्त्याने प्रवेश करताच दुसऱ्या स्क्रिप्टने ती फाइल वाचून आवाज द्यावा, ही विभागणी योग्य होय. फाइलीवरील तारीख जुनी असेल तर तोही अपयशाचाच संकेत मानावा. काम रात्री सुरूच झाले नाही, हे त्यावरूनच उमगते.

७. ऐकणाऱ्या व्यक्तीचा विचार :

ध्वनिसंकेत हा केवळ संगणकशास्त्राचा विषय नाही. त्यात श्रवणशास्त्र व मानसशास्त्र यांचाही संबंध येतो. मानवी कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकतो व २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास तो सर्वाधिक संवेदनक्षम असतो. वयानुसार उच्च वारंवारतेचे श्रवण प्रथम कमी होते; दुसरीकडे लॅपटॉपचे छोटे ध्वनिक्षेपक खालचे स्वर नीट काढू शकत नाहीत. म्हणून ५०० ते २,००० हर्ट्झ दरम्यानचे स्वर सुरक्षित ठरतात. यशासाठी चढते दोन स्वर व अपयशासाठी उतरते तीन स्वर असा भेद केल्यास केवळ वारंवारतेवर अवलंबून राहावे लागत नाही.

ब्रिटनमधील संशोधक रॉय पॅटरसन यांनी १९८२ साली नागरी विमानांतील इशाऱ्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मांडली. अतिशय मोठा व एकदम सुरू होणारा इशारा वैमानिकास दचकवितो आणि परस्परसंभाषण अशक्य करतो. त्यामुळे संकटाच्या क्षणी मदत होण्याऐवजी आवाज बंद करण्याकडेच लक्ष जाते, हे त्यांनी दाखविले. पुढे विल्यम गेव्हर यांनी १९८६ साली नित्याच्या जीवनातील आवाजांचा संगणकात उपयोग सुचविला, तर १९८९ साली मीरा ब्लॅटनर व सहकाऱ्यांनी लहान स्वररचनांना अर्थ देण्याची कल्पना विकसित केली.

अतिरेकाचा धोका रुग्णालयांत स्पष्टपणे दिसून आला. सतत वाजणाऱ्या यंत्रांमुळे परिचारिकांचे कान निबर होतात व खरा इशारा दुर्लक्षिला जातो. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या अधिस्वीकृती संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये याविषयी खास सूचनापत्र काढले. 'लांडगा आला रे आला' ही आपल्याकडील गोष्टही हेच सांगते. स्क्रिप्टने प्रत्येक फाइलीनंतर घंटा वाजविली तर शेवटची घंटा कोणी ऐकणार नाही.

याशिवाय दृष्टिहीन सहकारी व विद्यार्थी पडदा-वाचक सॉफ्टवेअरचा आवाज ऐकत काम करतात. लांबलचक ध्वनी त्या वाचनावर पडतो. संकेतस्थळांसाठीच्या २००८ च्या सुगम्यता मार्गदर्शिकेनुसार आपोआप वाजणारा ध्वनी तीन सेकंदांहून अधिक चालणार असेल तर तो थांबविण्याची सोय असावी लागते. स्क्रिप्टसाठीही हे मान योग्य आहे. कर्णबधिर व्यक्तीस तर घंटेचा काहीच उपयोग नाही. म्हणून आवाजाबरोबर पडद्यावर ठळक ओळ आणि फाइलीत नोंद या दोन्ही गोष्टी असाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने हा केवळ सौजन्याचा प्रश्न उरलेला नाही.

निष्कर्ष :

१. संकेत क्रमांक ७ ही सर्वांत जुनी, सोपी व दूरस्थ कामासाठी आजही उपयुक्त पद्धत आहे. मात्र ती टर्मिनलच्या सेटिंगवर अवलंबून असते.
२. मूळ ध्वनिक्षेपकाची पद्धत आता बहुतांशी कालबाह्य झाली असून तिच्यासाठी विशेषाधिकार देणे इष्ट नाही.
३. जवळच्या संगणकावर ध्वनिफाइल किंवा मराठी वाक्य हा अधिक अर्थवाही मार्ग होय.
४. यश व अपयश यांना भिन्न आवाज द्यावेत आणि ते आज्ञेच्या परिणामांकावरूनच ठरावेत.
५. आवाज हा पुरावा नव्हे. महत्त्वाच्या प्रतींच्या बाबतीत मूळ व प्रत यांची तुलना केल्यानंतरच यशाचा आवाज वाजवावा.

यांतील शेवटचा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाच्या विभागात आता नियम म्हणून पाळला जातो. सत्राअखेरीची स्क्रिप्ट प्रत काढते, दोन्हीकडील फाइली ताडून पाहते आणि मगच बोलते. त्यासाठी लागणारा जादा वेळ सुमारे पाव तासाचा आहे. कोणाचा अहवाल हरवल्यानंतर तो पुन्हा लिहिण्यास लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत तो अल्पच म्हणावा लागेल.